त्याच्या अंगावर दिसेल असा स्वेटर

पुरुषासाठी विणलेला स्वेटर दर थंडीत अंगावर दिसणार की डांबराच्या गोळ्यांसोबत ट्रंकेत पडून राहणार, हे बहुतेक वेळा सुईवर पहिला टाका घालण्याआधीच ठरलेलं असतं. वीण सुबक असते, हात सफाईदार असतो, महिना-दीड महिना रात्री जागून काम केलेलं असतं. तरीही गळा टोचतो, पोटावर ताणतो, शर्टाची कॉलर आत दबते किंवा रंग पाहून तो गप्प बसतो. एकदा कौतुकाने घातलेला स्वेटर मग पुन्हा बाहेर निघत नाही. एवढे कष्ट असे वाया जाऊ नयेत, आणि थोडा विचार आधी केला तर ते जातही नाहीत.

सुरुवात लोकरीच्या दुकानात न करता त्याच्या कपाटापाशी करावी. कोणते कपडे धुऊन धुऊन विटले आहेत ते पाहावं, कारण तेच त्याचे खरे आवडते कपडे. रोज कॉलरचा शर्ट घालणाऱ्याला व्ही गळा लागतो. टी-शर्टवर वावरणाऱ्या मुलाला गोल गळा चालतो. चेनचं जाकीट सोडून दुसरं काही न घालणाऱ्याला डोक्यातून घालायचा पुलओव्हर विणणं म्हणजे त्याची सवय बदलायला निघणं, आणि सवय स्वेटरने बदलत नाही. त्याला पुढून उघडा, बटणांचा स्वेटर द्यावा. चष्मा लावणाऱ्यांनाही तोच सोयीचा. खांदा आखडलेल्या, हात वर न जाणाऱ्या आजोबांसाठी तर दुसरा पर्यायच नाही, आणि त्यांच्या स्वेटरची बटणं मोठी हवीत. बटणांची बाजू विसरू नये. पुरुषांच्या कपड्यात बटणं घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला आणि काजं डाव्या बाजूला असतात. उलट झालं तर त्याच्या हाताला ते लगेच कळतं.

दुसरा प्रश्न हवेचा. नाशिक, निफाड, पुणे, विदर्भ या भागांत हिवाळ्यातली पहाट आठ-दहा अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी ऊन चटके देतं. सकाळी सातला घातलेला जाड, पूर्ण बाह्यांचा स्वेटर अकरा वाजता खुर्चीच्या पाठीवर लटकतो. आपल्याकडे हाफ स्वेटर एवढा टिकून राहिला त्याचं कारण हेच. छाती आणि पाठ उबदार राहते, हात मोकळे राहतात, आणि ऑफिसात तो काढावा लागत नाही. मुंबईत थंडी नावापुरती असली तरी एसी ऑफिसात आठ तास बसणाऱ्याला बारीक लोकरीचा असाच एक हाफ स्वेटर वर्षभर उपयोगी पडतो. टोरोंटो किंवा शिकागोला असलेल्या मुलासाठी हिशेब वेगळा करावा लागतो. बाहेर कडाक्याची थंडी असली तरी घर आणि ऑफिस तापवलेलं असतं आणि बाहेर जाताना वर जाड कोट येतो. कोटाच्या बाहीत जाड स्वेटरची बाही दाटते. तिथे बारीक मरिनो लोकरीचा पातळ स्वेटर किंवा सरळ टोपी आणि मफलर पाठवावेत.

मापाचा हिशेब

माप अंगावर टेप धरून घेतलं तर पुरुष बहुधा पोट आत घेतात. त्यापेक्षा त्याला नीट बसणारा एखादा स्वेटर किंवा सैलसर टी-शर्ट टेबलावर सपाट पसरावा आणि काखेपासून काखेपर्यंत मोजून दुप्पट करावं. खांद्याची रुंदी, मुंढ्याची खोली, खांद्यापासून खालपर्यंतची उंची आणि बाहीची लांबीही त्याच कपड्यावरून टिपून घ्यावी. शर्टावर घालायच्या स्वेटरला अंगावरच्या छातीच्या मापापेक्षा आठ ते दहा सेंटिमीटर सैलपणा लागतो. छाती 100 सेंटिमीटर असेल तर स्वेटर 108 ते 110 चा हवा. अशा मापाला मुंढा साधारण 23 ते 25 सेंटिमीटर खोल लागतो.

आता टाके. आठ प्लायची लोकर 4 मिलिमीटरच्या, म्हणजे आपल्याकडच्या 8 नंबरच्या सुईवर साध्या विणीत विणली तर दहा सेंटिमीटरला साधारण 22 टाके बसतात. म्हणजे 110 सेंटिमीटरच्या घेराला पुढचे-मागचे मिळून 242 टाके झाले. पण विणणाऱ्याचा हात घट्ट असेल आणि दहा सेंटिमीटरला 22 ऐवजी 24 टाके बसत असतील, तर त्याच 242 टाक्यांचा घेर जेमतेम 101 सेंटिमीटर होतो. ठेवलेला जवळजवळ सगळा सैलपणा गेला. दोन टाक्यांचा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही, पण अंगात घातल्याबरोबर जाणवतो. म्हणून पंधरा सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा आधी विणावा, स्वेटर जसा धुणार तसाच धुवावा, वाळवावा आणि मग मधल्या भागात टाके मोजावेत. कडेचे मोजू नयेत, ते ओढले गेलेले असतात. टाके जास्त भरत असतील तर सुई एक नंबर जाड घ्यायची. या तुकड्याला जाणारी संध्याकाळ वाचवायचा मोह अनेकांना होतो, आणि न घातल्या जाणाऱ्या निम्म्या स्वेटरांचं मूळ तिथेच असावं असं वाटतं.

पोटाबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. चाळिशी-पन्नाशीतल्या कितीतरी पुरुषांचा पोटाचा घेर छातीइतका किंवा जास्त असतो. त्यांच्या स्वेटरचं माप पोटावरून ठरवावं आणि खांदा मात्र खांद्याच्या मापाचाच ठेवावा. वाढलेले टाके मुंढ्यात कमी करता येतात. खालची बॉर्डर नेहमीप्रमाणे दोन नंबर बारीक सुईवर घट्ट विणली की स्वेटर पोटाखाली आवळून वर सरकतो आणि पोट उठून दिसतं. बॉर्डर त्याच नंबरच्या किंवा फार तर एक नंबर बारीक सुईवर विणावी, म्हणजे स्वेटर सरळ पडतो. उंचीतही कंजूषी नको. वाकून गाडीला किक मारताना किंवा बुटांची नाडी बांधताना कंबर उघडी पडली, तर तो स्वेटर दुसऱ्यांदा घातला जात नाही.

पूर्ण बाह्यांच्या स्वेटरसाठी एलिझाबेथ झिमरमन यांचं गणित माहीत असावं. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या या विणकर्तीचं ‘निटिंग विदाउट टिअर्स’ हे पुस्तक 1971 साली आलं. गोल सुईवर अखंड विणायच्या स्वेटरसाठी त्या छातीच्या टाक्यांना शंभर टक्के धरतात आणि बाकी सगळं त्याच्या प्रमाणात काढतात. मनगटाला वीस टक्के, दंडाला साधारण एक तृतीयांश, गळ्याला चाळीस टक्के. छातीला 240 टाके असतील तर मनगट 48, दंड 80 आणि गळा 96. ज्यांना सुट्या भागांचे स्वेटर विणायची सवय आहे त्यांनाही आपले आकडे तपासायला ही पद्धत उत्तम आहे. एखाद्या भागाचा आकडा यापासून फार लांब गेला, तर कुठेतरी मोजणी चुकली आहे असं समजावं.

व्ही गळा आणि मुंढ्याची पट्टी

हाफ स्वेटर बिघडतो तो दोनच ठिकाणी. गळ्याची पट्टी आणि मुंढ्याची पट्टी.

व्ही गळ्यासाठी पुढच्या भागाचे मुंढे कमी करायला घेतले की मधला एक टाका सेफ्टी पिनवर काढून ठेवायचा आणि दोन्ही बाजू वेगळ्या विणायच्या. गळ्याच्या कडेचा एक टाका ठरावीक ओळींनंतर कमी होत जातो. खांदे जोडल्यावर पट्टीसाठी कडेचे टाके उचलायचे असतात, आणि गडबड इथे होते. विणीत टाका उंचीपेक्षा रुंद असतो. प्रत्येक ओळीला एक टाका उचलला तर पट्टीत टाके जास्त होतात आणि ती झालरीसारखी फुलते. चार ओळींमागे तीन टाके उचलावेत. दोन्ही बाजूंचे टाके सारखे आहेत ना ते मोजून घ्यावं, मग पिनेवरचा मधला टाका सुईवर घ्यावा आणि एक सुलट एक उलट अशी पट्टी विणताना त्या मधल्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना दर ओळीआड एकेक टाका कमी करावा. टोक धारदार येतं. पट्टी अडीच-तीन सेंटिमीटर पुरे. टाके बंद करताना वीण चालू होती त्याच घट्टपणाने बंद करावेत, आवळू नयेत.

मुंढ्याच्या पट्टीची तक्रार वेगळी. ती खांद्यापासून बाहेर उभी राहते आणि शर्टाच्या बाहीवर पंख फुटल्यासारखं दिसतं. इथेही टाके जास्त उचललेले असतात किंवा खांदा रुंद ठेवलेला असतो. हाफ स्वेटरचा खांदा शर्टाच्या खांद्याच्या शिवणीपासून दोन-तीन सेंटिमीटर आतच संपवावा, कारण त्यावर पट्टीची रुंदी येणार असते. पट्टीला सुई दोन नंबर बारीक, म्हणजे आठ नंबरवर विणलेल्या स्वेटरला दहा नंबर, 3.25 मिलिमीटरची.

क्रिकेट पाहत वाढलेल्या पुरुषांना गळ्याला रंगीत पट्टे असलेला, केबलच्या विणीचा पांढरा हाफ स्वेटर आवडतो, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. मळखाऊ नाही म्हणून पांढऱ्याऐवजी राखाडी किंवा फिकट बिस्किटी रंग घ्यावा आणि गळ्याला निळ्या-मरून रंगाच्या दोन रेघा काढाव्यात. केबलमुळे टाके आत ओढले जातात, म्हणून तुकडा केबलच्याच विणीत करून मोजावा आणि लोकर थोडी जास्त आणावी.

लोकर कोणती

आपल्याकडे लोकर म्हणून जे गुंडे मिळतात, त्यांतले पुष्कळसे अ‍ॅक्रिलिकचे असतात. लुधियानाच्या वर्धमान, ओसवाल यांसारख्या कंपन्यांचे गुंडे गावोगावच्या दुकानांत दिसतात. कागदी पट्टीवर धागा कशाचा आहे ते लिहिलेलं असतं, ते वाचून घ्यावं. अ‍ॅक्रिलिक स्वस्त असतं, धुतल्यावर आटत नाही, घरच्या वॉशिंग मशीनमध्ये चालतं. घाम मात्र शोषत नाही, आणि गरम इस्त्री लागली की वीण कायमची लोळते. खरी लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा ओलसर न वाटू देता शोषून घेते, म्हणून चालून घाम आलेल्या माणसाला ती बरी वाटते. तिला कोमट पाणी, सौम्य साबण आणि हलका हात लागतो. पिळायची नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि सपाट पसरून वाळवायची. दोरीवर टांगली की स्वेटर गुडघ्यापर्यंत येतो.

‘मला लोकर टोचते’ असं सांगणाऱ्या पुरुषाशी वाद घालू नये, कारण टोचण्याला कारण आहे. साधारण तीस मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंची टोकं कातडीत वाकत नाहीत, रुततात. मरिनोचे तंतू त्याहून पुष्कळ बारीक असतात, म्हणून ती गळ्याशीही सुखाची असते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर भरड, ती धनगरांच्या घोंगडीला उत्तम, गळ्याभोवतीच्या मफलरला नाही. गुंडा दुकानातच मानेवर किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला घासून पाहावा. शक्य असेल तर त्यालाच दुकानात न्यावं. रंग त्याने निवडला की निम्मं काम झालं.

आठ प्लायचा पुरुषांचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर पाचशे ते सहाशे ग्रॅम घेतो. एकाच लॉट नंबरचे गुंडे एकदम घ्यावेत आणि एक जास्तीचा घ्यावा. वेगळ्या लॉटचा रंग दुकानात सारखा वाटतो, उन्हात फरक दिसतो.

रंग, नक्षी आणि कोळ्यांचे स्वेटर

पुरुषांना फक्त निळा आणि राखाडीच लागतो असं नाही. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला तेव्हाचे प्रिन्स ऑफ वेल्स, पुढचे आठवे एडवर्ड, शेटलंड बेटांवरच्या फेअर आइल विणीचा रंगीबेरंगी पुलओव्हर घालून गोल्फच्या मैदानावर आले, आणि तोवर कोळी-शेतकऱ्यांचा मानला जाणारा स्वेटर शौकीन पुरुषांचा झाला. मात्र आपल्या घरातला माणूस तसा धीट आहे का ते आधी पाहावं. नसेल तर रंग एकच ठेवून नक्षी विणीतून काढावी. एक सुलट एक उलट आणि पुढच्या ओळीत त्याची अदलाबदल केली की दाणेदार पोत येतो, टाक्यांची मांडणी बदलली की उभ्या रेघा येतात, छोटे चौकोन येतात. लांबून साधा दिसणारा आणि जवळून पाहिल्यावर काम कळणारा स्वेटर पुरुष बिनतक्रार घालतात. आडवे पट्टे पोटावर आणू नयेत, काढायचेच तर छातीच्या वर काढावेत.

या बाबतीत ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गॅन्सी स्वेटरइतका चांगला गुरू नाही. गडद निळ्या पाच प्लायच्या पिळदार लोकरीत तो इतका घट्ट विणलेला असे की वारा आणि तुषार सहज आत येत नसत. पुढची आणि मागची बाजू सारखी, म्हणजे एक बाजू झिजली की उलट घालता येई. काखेत चौकोनी तुकडा असल्याने जाळं ओढताना स्वेटर वर चढत नसे. पुष्कळ ठिकाणी नक्षी छातीवरच असे आणि खालचा भाग साधा, कारण खालचा भाग लवकर झिजतो आणि पुन्हा विणायला साधा बरा. बाह्या तर खांद्याकडून मनगटाकडे विणत. मनगट उसवलं, फाटलं की तेवढंच उसवून नवं विणायचं. आजच्या बापासाठी, नवऱ्यासाठी विणतानाही बाही वरून खाली विणावी. अंगावर घालून लांबी पाहता येते, आणि तीन वर्षांनी कफ झिजला तर राखून ठेवलेल्या गुंड्यातून नवा होतो.

टोपी, मफलर, मोजे

त्याच्यासाठी पहिल्यांदाच विणत असाल तर स्वेटरपासून सुरू करू नका. टोपी विणा. शंभर ग्रॅम लोकर पुरते, दोन-तीन संध्याकाळी लागतात आणि त्याला काय आवडतं ते कळतं.

मोठ्या पुरुषाचं डोकं साधारण 56 ते 58 सेंटिमीटर घेराचं असतं. टोपी त्यापेक्षा दहाएक टक्के लहान विणावी लागते, नाहीतर ती कानावर टिकत नाही. दोन साध्या सुयांवर विणायची तर 114 टाके घाला. 112 टोपीचे आणि दोन शिवणीचे. दहा नंबरच्या सुईवर दोन सुलट दोन उलट अशी पाच सेंटिमीटर बॉर्डर, मग आठ नंबरवर साधी वीण. खालून पंधरा सेंटिमीटर झाल्यावर 112 टाक्यांचे चौदा-चौदाचे आठ भाग धरा आणि एका ओळीआड प्रत्येक भागात एक टाका कमी करत जा. प्रत्येक भागात सात टाके उरले की प्रत्येक ओळीत कमी करा. शेवटी आठ टाके उरतील, शिवणीचे दोन वेगळे. त्यांतून धागा ओवून आवळा आणि मागची शिवण घाला. वर गोंडा लावायचा की नाही हे त्याला विचारा, बहुतेक जण नको म्हणतात.

पहाटे फिरायला जाणाऱ्या आजोबांना माकडटोपीच हवी असते, आणि तिची चेष्टा करू नये. क्रिमियाच्या युद्धात 1854-55 च्या हिवाळ्यात गारठलेल्या ब्रिटिश सैनिकांशी या टोपीचं इंग्रजी नाव जोडलेलं आहे. कान, हनुवटी आणि मान एकदम झाकणारी दुसरी सोपी वस्तू अजून निघालेली नाही.

स्कूटर-मोटरसायकलवाल्यांचा विचार वेगळा. हेल्मेटखाली जाड टोपी घालायला देऊ नका, हेल्मेट नीट बसत नाही आणि ते धोक्याचं आहे. लांब मफलरची टोकंही चाकाशी नकोत. त्यांच्यासाठी गळ्यात घालायची विणलेली नळी उत्तम. पंचवीस सेंटिमीटर उंच, डोक्यातून जाईल एवढा घेर, दोन सुलट दोन उलट. लोकरीचे हातमोजे हँडलवर घसरतात, म्हणून ते चालायला जाताना घालायलाच द्या.

मफलर विणायचा तर नुसत्या साध्या विणीत कधीच विणू नका, कडा आत वळतात आणि त्याची दोरी होते. सगळ्या ओळी सुलट विणा किंवा दोन सुलट दोन उलट ठेवा, दोन्ही बाजू सारख्या दिसतात. लांबी 170 आणि रुंदी 20 सेंटिमीटर पुरे.

मोज्यांत आधी बूट पाहा. ऑफिसच्या बुटात जाड मोजा मावत नाही. घरात घालायला जाड चालतील, बुटात घालायचे तर बारीक लोकर आणि त्यात पंचवीस टक्के नायलॉन असलेला धागा, नाहीतर टाच महिन्याभरात विरते. पंजाची शिवण बोटांना टोचू नये म्हणून टाके सुईने एकमेकांत अदृश्य गुंफतात. त्या पद्धतीला लॉर्ड किचनर यांचं नाव आहे, तेच किचनर जे 1902 ते 1909 भारतातल्या ब्रिटिश फौजेचे सरसेनापती होते. फौजेवरून आठवलं, सैनिकांसाठी विणण्याची परंपरा आपल्याकडे आहे. 1962 च्या चीन युद्धात घरोघरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणले होते. तेव्हा विणणाऱ्या आजींपैकी काही आजही घरात असतील. त्यांच्याजवळ बसून टाच वळवायला शिकून घ्या.

वेळेचा अंदाजही आधीच घ्यावा. आठ प्लायच्या हाफ स्वेटरमध्ये चाळीस हजारांच्या आसपास टाके असतात. मिनिटाला वीस-बावीस टाके पडत असतील तर नुसत्या विणण्याला तीस ते तेहतीस तास लागतात, पट्ट्या आणि शिवण वेगळी. रोज तासभर मिळत असेल तर पाच-सहा आठवडे धरा. त्याने डिसेंबरच्या पहिल्या गारव्यात स्वेटर घालावा असं वाटत असेल, तर गणपती झाले की माप घ्या, तुकडा विणून पाहा आणि दसऱ्याला सुईवर टाके घाला.